ढालीवर हरणाऱ्याचंही नाव हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या इतवारीत भांडे ओळीच्या अंगाला आमचं नावं टाकायचं दुकान आहे. लग्नाच्या भांड्यांवर 'मामाकडून सप्रेम भेट' इथपासून देवळातल्या घंटेवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' इथपर्यंत सगळं टाकतो. पण वडिलांच्या हयातीत दुकानाची शान होती ती कॉलेजच्या कपांची आणि ढालींची, म्हणजे दर वर्षीच्या विजेत्याच्या नावाची पट्टी ठोकतात त्या लाकडी फिरत्या ट्रॉफींची. त्या ढालींबद्दलच हे पत्र आहे. पत्र लांबलं आहे. कापायचं झालं तर माझ्या धंद्याचं खुशाल कापा, पण मधलं अमेरिकेतल्या लाकडी फळीचं तेवढं राहू द्या. माझं नावही छापू नका, ओळखणारे ओळखतीलच.

झालं असं की गेल्या दिवाळीच्या आगेमागे ओळखीचा एक कबाडी पोतं घेऊन दुकानावर आला. "काकाजी, देखो तो, ये चांदी है क्या?" म्हणून त्याने पोतं काउंटरवर पालथं केलं. आतून निघाल्या ढालीच्या आकाराच्या छोट्या छोट्या पट्ट्या, अंगठ्याएवढ्या, काळ्याकुट्ट. चांदी नव्हती. जर्मन सिल्वर होतं, म्हणजे नावातच काय ती चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल. एका कॉलेजने जिमखान्याची जुनी खोली रिकामी केली होती. लाकडी ढाली गेल्या जळणात, आणि त्यांवरच्या पट्ट्या पकडीने उपटून याच्या पोत्यात आल्या. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एकट्या त्याच कॉलेजात होतं असं नाही. कबाड्याला तर बोल लावायचाच नाही, त्याने निदान विचारलं तरी. मी वजनावर पैसे दिले आणि पोतं ठेवून घेतलं.

चिंचेच्या पाण्याने पट्ट्या घासल्या तेव्हा अक्षरं वर आली. त्यातली बरीच आमच्या वडिलांच्या हातची आहेत. हे कसं कळलं, असं कुणी विचारेल. वडील मराठी चौथी शिकलेले. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, ते बघून काढत. इंग्रजी एस ते खालून वर कोरत, त्यामुळे त्यांच्या एसचं खालचं पोट कायम मोठं असे. अख्ख्या नागपुरात तसा एस दुसरा कोणी काढत नव्हता. हातकामात हे असं असतं. आता लेझरच्या मशीनवर सगळ्यांचा एस एकसारखा निघतो, आणि तो दिसतोही छान, मी काही त्याच्या विरोधात नाही. आमच्याकडेही मशीन आहे.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्टी एवढीशी असते, हातात धरून कोरता येत नाही. लाकडाच्या ठोकळ्यावर लाख तापवून ओतायची, ती मऊ असतानाच पट्टी तीवर दाबून बसवायची, लाख घट्ट झाली की बारीक कलम आणि हलकी हातोडी घेऊन अक्षर कोरायचं. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात दुपारी लाख धरतच नाही, पट्टी सरकते, म्हणून उन्हाळ्यात वडील पहाटेच कामाला बसत. पण कॉलेजवाले उन्हाळ्यात येत नसत. त्यांचा हंगाम जानेवारीचा. वर्षभर ढाल कपाटावर पडलेली असायची आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी जिमखान्याचा शिपाई ती सायकलच्या मागे बांधून घेऊन यायचा. "उद्या साहेबांच्या हस्ते द्यायची आहे, आज संध्याकाळपर्यंत पाहिजे." पोरं नुसती जिंकून मोकळी झालेली, नाव टाकायची आठवण मात्र शेवटच्या दिवशी.

आता मुद्द्यावर येतो. पोत्यातल्या पट्ट्यांवर काय आहे? साल, कॉलेजचं नाव, कप्तानाची आद्याक्षरं आणि आडनाव. बस. खेळ कोणता हे नाही, ढाल कुणाच्या नावची हेही नाही. ते दोन्ही ढालीच्या मधल्या मोठ्या तबकडीवर असतं आणि ती तबकडी पोत्यात नव्हती, कुणी तरी आधीच पळवली असणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सामना कुणाशी झाला आणि हरलं कोण, हे एकाही पट्टीवर नाही. जिंकलं कोण ते कळतं, पण कुणाला हरवून जिंकलं ते कळत नाही.

याचं कारण मला नक्की माहीत आहे, कारण ते मी दुकानात बसून पाहिलं आहे. कोरायचे पैसे अक्षरावर. पीडी सर (शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना कॉलेजात सगळे पीडी सरच म्हणतात) मजकूर कागदावर लिहून आणायचे. वडील पेन्सिलीच्या टोकाने अक्षरं मोजायचे आणि आकडा सांगायचे. मग सरांची काटछाट सुरू. पहिल्या झटक्यात उपविजेते जायचे. मग 'विजेते' हा शब्द जायचा, ढालीवर नाव आहे म्हणजे जिंकलेच की. मग कप्तानाचं नाव जाऊन आद्याक्षर राहायचं. एका सरांनी तर सालातले पहिले दोन आकडेही खोडले होते. वडील म्हणाले, "सर, शंभर वर्षांनी कुणाला कळायचं नाही." सर म्हणाले, "शंभर वर्षं कोण ठेवतो?" ते काही चुकीचं बोलले नाहीत. शंभर वर्षं काही ठेवली नाहीतच.

तर आपल्या कॉलेजांच्या खेळाचा इतिहास असा चार चार पैशांनी कमी होत गेला आहे. हरणारा संघ आधी पट्टीवरून गेला आणि नंतर माणसांच्या आठवणीतूनही गेला.

नागपुरात चुरस काही कमी नव्हती. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं, ही इथली सगळ्यात जुनी दोन कॉलेजं. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा संलग्न कॉलेजं सगळी मिळून सहाच होती. सहा कॉलेजांत कोण कुणाचा प्रतिस्पर्धी हे वेगळं सांगावं लागत नाही. वडील सांगत, दुकानात हिस्लॉपचं गिऱ्हाईक बसलेलं असताना मॉरिसचं आलं तर ते एकाला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवून देत, नाही तर काउंटरवरच मागच्या सामन्याचा निकाल पुन्हा लागायचा. सायन्सवाले वेगळे, महाराजबागेजवळचे कृषीवाले वेगळे. कृषीची पोरं खेड्यातून आलेली, अंगाने मजबूत, कबड्डीत त्यांना धरणं कठीण, असं सीताबर्डीवर सगळे म्हणत. मेडिकल १९४७ मध्ये निघालं आणि १९६० मध्ये व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज आलं, त्यांचीही आपसात जुंपली. रविनगरच्या विद्यापीठाच्या मैदानावर मी स्वतः असे सामने पाहिले आहेत, जिथे बघणारी पोरं खेळणाऱ्यांपेक्षा जास्त दमायची.

मग ही चुरस गेली कुठे? लोक म्हणतात पोरं आता मोबाइलमध्ये गेली. मला ते पटत नाही, मैदानावर पोरं आजही आहेत. माझ्यासमोरच्या पट्ट्या वेगळंच सांगतात. आपल्या बऱ्याचशा चुरशी मैदानावर संपलेल्याच नाहीत, त्या कागदावर संपल्या. एके काळी जबलपूरची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघालं आणि महाकोशलातली, म्हणजे जबलपूरकडची कॉलेजं तिकडे वळली. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि कृषी महाविद्यालय तिकडे जोडलं गेलं. महाराजबाग जागच्या जागी राहिली, पण आंतरमहाविद्यालयीन सामन्यात पलीकडे हिस्लॉप किंवा सायन्स उभं राहायचं कारण उरलं नाही. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, आणि अकोला, यवतमाळ, बुलडाणा सगळं तिकडे. त्याआधी नागपूर आणि अमरावतीच्या कॉलेजांची जी खुन्नस होती ती आजच्या पोरांना सांगूनही पटणार नाही. १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला निघालं आणि पुढे मेडिकल कॉलेजं तिकडे गेली. २००२ मध्ये व्हीआरसीईचं व्हीएनआयटी झालं, ते स्वतःच विद्यापीठाच्या दर्जाचं. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आलं आणि चंद्रपूरची कॉलेजंही गेली. हे निर्णय चूक होते असं माझं म्हणणं नाही. गडचिरोलीच्या पोरांनी परीक्षेच्या कामासाठी नागपूरला खेटे का घालावेत? पण प्रत्येक वेळी विद्यापीठ फुटलं की काही ढाली अर्ध्यावर थांबल्या. ज्याच्याकडे त्या वर्षी ढाल होती त्याच्याकडेच ती राहिली. पुढच्या वर्षी ती परत मागायला समोरचा आलाच नाही, कारण तो आता दुसऱ्या विद्यापीठात होता. अशी ढाल मग जिंकलेलीही राहत नाही आणि हरलेलीही नाही. ती नुसती कपाटावरून खाली येते आणि जिन्याखाली जाते.

दुसरी भानगड नावांची. मॉरिस कॉलेजचं पुढे नागपूर महाविद्यालय झालं, आणि आता ती वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे. तेच कॉलेज, पण ढालीवर तीन वेगवेगळ्या नावांनी येणार. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल की ही ढाल तीन कॉलेजांनी जिंकली. २००५ मध्ये विद्यापीठाच्या नावाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव जोडलं गेलं. महाराजांबद्दल मला नितांत आदर आहे, आमच्या घरी सामुदायिक प्रार्थना होते. पण अंगठ्याएवढ्या पट्टीवर 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, आंतरमहाविद्यालयीन' एवढं बसवून वर विजेत्याला जागा कुठून आणायची, हे मला कुणी सांगावं. आणि मुलींच्या ढालींचं तर आणखी अवघड. मुलींचं एलएडी कॉलेज १९३२ पासून आहे, म्हणजे मुलींचे संघ काही आजचे नाहीत. पण पट्टीवर माहेरचं आडनाव असतं, आणि लग्नानंतर ती बाई कुठल्या आडनावाने कुठल्या गावी आहे हे शोधायचं कसं? मुलींच्या पट्ट्यांवर तरी पूर्ण नाव टाकायला हवं होतं. तिथेही आद्याक्षरंच.

आता ती अमेरिकेतली फळी. माझी भाची तिकडे विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला असते, तिथल्या विद्यापीठात. शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या विद्यापीठाशी यांचा फुटबॉलचा सामना दर वर्षी होतो. फुटबॉल म्हणजे तिकडचा, डोक्यावर हेल्मेट घालून खेळतात तो. १८९० पासून हे दोघे खेळतात आणि १९०७ नंतर एकाही वर्षी खंड पडलेला नाही. कोविडच्या वर्षी नोव्हेंबरातला सामना रद्द झाला, तर तो डिसेंबरात खेळवला. जिंकणाऱ्याला एक भलीमोठी कुऱ्हाड मिळते, सहा फूट लांब दांड्याची. तिकडच्या लोककथांमधला पॉल बनियन नावाचा एक राक्षसी लाकूडतोड्या आहे, त्याची कुऱ्हाड. जिंकलेला संघ ती खांद्यावर घेऊन मैदानभर पळतो आणि गोलपोस्ट तोडल्याचं नाटक करतो. भाचीने व्हिडिओ पाठवला तेव्हा मी तिला विचारलं, दांड्यावर काही लिहिलं आहे का? ती म्हणाली, "मामा, सगळं लिहिलेलं आहे. प्रत्येक वर्षाचा स्कोअर." प्रत्येक वर्षाचा म्हणजे दोन्ही बाजूंचा. मूळ कुऱ्हाड निवृत्त होऊन कॉलेज फुटबॉलच्या संग्रहालयात गेली, आता दुसरी आहे.

पण कुऱ्हाड १९४८ ची. तिच्या आधी एक फळी होती, ती मला जास्त आवडली. १९३० मध्ये मिनियापोलिसच्या एका डॉक्टरने काळ्या अक्रोडाच्या लाकडाची ही फळी करून दिली. मधोमध फुटबॉल आणि त्यावर एकच इंग्रजी अक्षर, असं घडवलेलं की फळी सरळ धरली तर एम दिसावं आणि उलटी धरली तर डब्ल्यू. मिनेसोटा जिंकलं तर फळी अशी धरायची, विस्कॉन्सिन जिंकलं तर तशी. जन्मभर अक्षरं कोरणाऱ्या माणसाने सांगतो, याहून चांगली ट्रॉफी मी ऐकलेली नाही. दोन्ही संघ एकाच अक्षरात, आणि हरणाराही तिच्यावर कायम आहे, नुसता उलटा. नाव मात्र डुकराच्या मांसावरून ठेवलेलं, स्लॅब ऑफ बेकन. कमावून घरी आणण्याला तिकडे 'बेकन घरी आणणं' म्हणतात, ते असो.

ही फळी हरवली. १९४३ च्या सामन्यानंतरच्या गोंधळात हातात द्यायचं राहिलं आणि ती गेली, असं सांगतात. म्हणून पुढे कुऱ्हाड आली. पन्नास वर्षं सगळे तिला गेलीच धरून चालले होते. १९९४ च्या उन्हाळ्यात मॅडिसनच्या कॅम्प रँडल स्टेडियममधली एक स्टोअररूम आवरताना ती सापडली. आणि तिच्या मागच्या बाजूला १९३० पासून १९७० पर्यंतच्या प्रत्येक सामन्याचा स्कोअर रंगवलेला होता!

१९४३ नंतरचेही. म्हणजे फळी जगाच्या लेखी हरवलेली असताना कुणी तरी वर्षानुवर्षं त्या खोलीत जाऊन, ब्रश घेऊन, त्या वर्षीचा आकडा टाकत होतं. आपलं विद्यापीठ हरलं त्या वर्षीचाही टाकला. तो माणूस कोण होता? स्टोअरकीपर? एखादा शिपाई? त्याला हे करायला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि अक्षरावर पैसेही मिळत नव्हते. मला विजेत्या संघांपेक्षा त्या माणसाला भेटायला जास्त आवडलं असतं.

तिकडच्या लोकांनी सगळं फार शिस्तीत ठेवलं असं समजू नका. फळी त्यांनीही हरवलीच. याच मिनेसोटाची मिशिगनशी एक जुनी खुन्नस आहे. १९०३ मध्ये मिशिगनचा संघ मिनेसोटाला आला आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी पाण्यासाठी तीस सेंट देऊन मातीचा एक मोठा जग विकत आणवला. सामना ६-६ बरोबरीत सुटला आणि घाईत जग तिथेच राहिला. मिनेसोटाच्या लोकांनी काय केलं, तर त्यावर स्कोअर रंगवला. आपले ६ मोठ्या अक्षरात आणि मिशिगनचे ६ अगदी बारीक. हा खट्याळपणा मला समजतो, आमच्याकडेही "सर, आमचं नाव जरा ठळक टाका" म्हणणारे कॅप्टन येत. पण बारीक का होईना, समोरच्याचे ६ त्यांनी लिहिले. तो जग आजही दोघांमध्ये फिरतो. (तो सामना झाला ३१ ऑक्टोबरला. त्याच दिवशी इथे नागपुरात सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कप्तान, आठ वर्षांचे झाले होते. याचा कशाशी संबंध नाही, पण तारीख बघून मला बरं वाटलं.)

कुणी म्हणेल, कॉलेजच्या सामन्यांचं काय एवढं? रणजीचं बोला. बोलू की. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये रणजी जिंकली, आम्ही इतवारीत पेढे वाटले. पण विदर्भाचा संघ १९५७ पासून रणजी खेळतो आहे आणि हरलेल्या प्रत्येक सामन्याचं धावफलक आज कुणालाही बघता येतं. साठ वर्षं हरण्याची नोंद होती म्हणून इंदूरला पहिल्यांदा जिंकलो तेव्हा म्हातारी माणसं रडली. नोंदच नसती तर कशावर रडली असती? आणि रणजीपर्यंत पोहोचणारी पोरं आधी कुठे खेळत होती? अखिल भारतीय आंतरविद्यापीठ क्रिकेटला रोहिंटन बारिया करंडक म्हणतात, १९३५-३६ पासून. मुंबईच्या एका पारशी बापाने आपल्या मुलाच्या आठवणीसाठी तो दिला. सुनील गावस्कर मुंबई विद्यापीठाकडून त्यातच खेळून पुढे आले. त्या मुलाचं नाव आजही क्रीडा पानावर छापून येतं, ते करंडकावर आहे म्हणून. आपल्याकडच्या कित्येक ढालीही अशाच कुणाच्या तरी मुलाच्या, भावाच्या, गुरुजींच्या नावाने दिलेल्या होत्या. देणाऱ्याने त्या वेळी पैसे मोजले, बक्षीस समारंभाला हार घालून घेतला आणि विश्वासाने घरी गेला. त्याच्या घरच्यांना आज जाऊन सांगायचं का, की तुमच्या मुलाची तबकडी कुठे वितळली ते ठाऊक नाही?

मला करायच्या त्या सूचना साध्या आहेत, खर्चाच्या नाहीत. कॉलेजांनी जुनी ढाल ठेवली नाही तर एक वेळ समजू शकतो. लाकडाला वाळवी लागते, जागा नसते, नॅकवाले (कॉलेजांचा दर्जा तपासणारे) यायच्या आधी सगळं चकाचक करायचं असतं. पण पट्टी उपटण्याआधी ढालीचा समोरून एक फोटो काढा, मधली तबकडी आणि सगळ्या पट्ट्या वाचता येतील असा. हल्ली शिपायाच्या खिशातही कॅमेरा आहे. तो फोटो ग्रंथालयात द्या, जिमखान्यात ठेवू नका, कारण जिमखान्यातली वस्तू पीडी सर निवृत्त झाले की बेवारस होते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने एक परिपत्रक काढून हे सगळ्या कॉलेजांना कळवलं तर महिन्याभरात निम्म्या शतकाचा इतिहास गोळा होईल. अमरावती आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांनाही कळवावं, कारण अर्ध्यावर थांबलेल्या ढालींचा दुसरा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे. काही ढाली कॉलेजातही नाहीत, त्या कॅप्टनच्या घरी आहेत! 'पुढच्या वर्षी परत करतो' म्हणून नेलेल्या. धरमपेठेत, महालात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोकेसमध्ये असतील. अशा काकांना माझी विनंती, परत करू नका हवं तर, पण वाचून तरी घ्या आणि लिहून ठेवा.

आणि जी कॉलेजं आज नवी ट्रॉफी घेत आहेत त्यांनी तीवर हरणाऱ्याचं नाव आणि गुणही टाकावेत. आता लेझरने अक्षराला पैसे वाढत नाहीत, पट्टीचा एकच भाव असतो, म्हणजे पीडी सरांची ती जुनी अडचणही उरली नाही. दोन कॉलेजांनी ठरवून जुनी चुरस पुन्हा सुरू करायला तर कुठल्याच विद्यापीठाची परवानगी लागत नाही. कृषी आणि हिस्लॉप एका रविवारी कबड्डी खेळले तर कोण अडवणार आहे? मैत्रीपूर्ण सामना म्हणा आणि खेळा. पहिल्या वर्षीची पट्टी मी फुकट कोरून देईन, हातानेच, दोन्ही संघांची नावं सारख्या आकारात.

पोत्यातल्या पट्ट्या सालाप्रमाणे लावून मी दुकानात काचेखाली ठेवल्या आहेत. १९५० ते १९७० च्या दशकांतल्या आहेत. मॉरिस, सायन्स, हिस्लॉप, कृषी ही नावं त्यांत पुन्हा पुन्हा येतात. त्या काळात जे खेळले असतील, किंवा ज्यांचे वडील वा आई खेळल्या असतील, त्यांनी येऊन पाहावं. स्वतःचं नाव सापडलं तर आनंदच आहे, पण मला जास्त गरज आहे ती ज्यांचं नाव त्यावर नाही त्यांची. त्या वर्षी अंतिम सामन्यात आपण हरलो होतो एवढं ज्यांना आठवतं, त्यांनी खेळ, साल आणि जमल्यास गुण एका कागदावर लिहून आपल्या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पाठवावेत, ही विनंती. आपण ते माझ्याकडे पोहोचवाल, अशी आशा आहे.

कळावे,
आपला,
इतवारीतला एक नावं टाकणारा,
नागपूर